मलेशियाचा बलाऊ, मुक्काम शेवगाव

मंडळी, बसा. उठायचं काही कारण नाही. आवाज खालूनच येतोय. तुम्ही ज्याच्यावर मांडी ठोकून हातावर हुरडा चोळताय ना, तोच मी बोलतोय. नाव बलाऊ. जात लाकडाची, जन्म मलेशियाच्या जंगलातला आणि हल्ली मुक्काम शेवगाव तालुका, रुपालीबाईंच्या हुरड्याच्या रानात. मी खोटं फार कमी बोलतो. जे खरं असतं त्याला जरा रंधा मारून चकचकीत करतो, एवढंच.

आमच्या जंगलात पाऊस कधी सुरू झाला हे कुणालाच आठवत नसे. तो थांबला की माकडं काळजीनं एकमेकांकडे बघायची. अशा पावसात मी वाढलो. सावकाश वाढलो. शेजारची मऊ झाडं भराभर उंच होऊन मला हिणवायची आणि पुढच्या वादळात आडवी व्हायची. एकदा एक हत्ती माझ्या खोडाला पाठ घासायला आला. घासून घासून त्याची पाठ आरशासारखी लखलखीत झाली, माझी साल होती तशीच राहिली. पुढं त्या हत्तीच्या पाठीत बघून मोर पिसारा नीट करायचे. मध्य भारतातला तुमचा साल वृक्ष माझा चुलतभाऊ लागतो. हत्तीचं सोडा, पण हे नातं पक्कं आहे, जाणकाराला विचारा.

मला तोडलं आणि इतर ओंडक्यांबरोबर नदीत लोटलं. इतर मंडळी तरंगत बंदराला गेली. मी सरळ तळाला जाऊन बसलो. इतका जड, की पाण्यानंही मला उचलायला नकार दिला. दोर बांधून, शिव्या देऊन मला वर काढलं.

आता प्रत्येक लाकडाला वाटतं, आपला देव्हारा व्हावा, पाळणा व्हावा, गेला बाजार खुर्ची तरी व्हावी. माझे जाडजूड ठोकळे केले आणि एका अजस्र प्रेस मशीनखाली घातले. जहाजात मशीन हलू नये म्हणून. समुद्रभर लोक मशीनला जपत होते आणि मशीनला मी. मुंबईला उतरून ट्रेलरवरून आम्ही नागापूरच्या एमआयडीसीत आलो. कारखान्यात मशीनला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मला भिंतीमागं भंगारात टाकलं. नारळाचं पाणी तेवढं अंगावर उडालं होतं, त्यालाच मी सत्कार समजतो.

त्या भिंतीमागं कित्येक वर्षं काढली. नगरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. देवदारच्या खोक्यांच्या फळ्या माझ्या शेजारी होत्या. गोरीपान, वासाला गोड पोरं. दोन पावसाळ्यांत त्यांचा भुसा झाला. त्यांना संपवून वाळवी माझ्याकडे वळली. आधी पाहणीला पथक आलं, मग मजूर आले, मग खुद्द राणी आली असं म्हणतात. सगळ्या दात धरून परत गेल्या. माझ्यावर पडला तो फक्त करडा रंग, माणसाच्या कानशिलावर चढतो तसा. दुपारच्या सुट्टीत कामगार माझ्यावर बसून डबे खायचे. कुणाच्या सासूबाई कशा आहेत, कुणाचा ओव्हरटाइम कापला, सगळं मला पाठ होतं.

त्या कामगारांत ज्ञानेश्वर नावाचा फिटर होता. घर शेवगाव तालुक्यात. आठवडाभर नागापूरला खोली करून राहायचा आणि सुट्टीला गावी जायचा. एक दिवस साहेबांनी भिंतीमागचं भंगार हलवायला सांगितलं. ज्ञानेश्वर म्हणाला, बंबात घालायला सरपण होईल, मी नेतो. मी ऐकलं आणि थिजलो. बंब म्हणजे काय हे डब्यांच्या गप्पांतून मला ठाऊक होतं. आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भांडं, ज्याच्या पोटात विस्तव असतो. एवढा समुद्र ओलांडून शेवटी कुणाच्या तरी आंघोळीसाठी जायचं. टेम्पो करंजीचा घाट चढला, तिसगावला ड्रायव्हरनं चहा घेतला, आणि मी मागं पडल्यापडल्या आभाळ बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेश्वरचे वडील कानिफनाथ कुऱ्हाड घेऊन आले. उंच, काटक माणूस, डोक्याला टोपी, बोलणं कमी आणि ते टोचेल असं. त्यांनी मला दगडावर ठेवलं, तळहातांवर थुंकले आणि घाव घातला. कुऱ्हाड माझ्यावरून उडाली ती गोठ्याच्या पत्र्यावर. आवाजानं म्हैस दावं तोडून मक्यात शिरली. मला तीळभर खाच पडली, ती अजून दाखवीन.

"ज्ञाना, लाकूड आनलंय का रेल्वेचा रूळ?" कानिफनाथ म्हणाले.

"तात्या, जहाजातनं आलेलं हाय ते."

"मग जहाजातच ठिवायचं हुतं. पानी काय बोलून तापवायचं?"

हे सगळं ज्ञानेश्वरची बायको ओट्यावरून बघत होती. तीच रुपाली. ती हातातलं सूप खाली ठेवून आली, मला एका हातानं उचलायला गेली आणि जमेना. मग तिनं दोन्ही हात लावले, मला पालथा केला, जमिनीकडची बाजू नखानं खरवडली.

"किती वर्षं पडून होतं हे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी लागलो तवापासून बघतोय."

"आणि कुजलं नाही." ती म्हणाली. तिनं मला सरपणातून उचलून पडवीत ठेवलं आणि मी पहिल्यांदा सुटकेचा श्वास टाकला. लाकूड श्वास टाकतं का, हा प्रश्न विचारू नका. त्या दिवशी टाकला.

पडवीत पडल्यावर घरातलं दुखणं कळलं. रुपालीनं पाटाकडेच्या तुकड्यात हुरडा पार्ट्या सुरू केल्या होत्या. थंडीत शहरातली माणसं यायची, आगटीत भाजलेला गरम हुरडा, चटणी, दही, गूळ खाऊन जायची. पण रान काळ्या मातीचं. ती पावसात फुगते आणि उन्हात पाय जाईल एवढी भेगाळते. रुपालीनं फरशा बसवल्या, तर पहिल्याच पावसाळ्यात त्या उचकटून दात पडलेल्या तोंडासारख्या झाल्या. मग मागच्या हिवाळ्यात ऐन हंगामात अवकाळी आला. नगरच्या विजयाबाई जोशी, निवृत्त शिक्षिका, पंचवीस-तीस माणसं घेऊन आल्या होत्या. त्यांची एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. पुढंमागं कुणी तिथं उत्खनन केलं तर सापडेल. घरी जाऊन बाईंनी मोबाईलवर सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं, 'हुरडा अमृत, बसायची जागा दलदल.' त्यानंतर फोन वाजायचे थांबले.

"ह्या थंडीला जमलं तर जमलं," कानिफनाथांनी सुनेला सांगितलं होतं. "न्हाईतर त्या तुकड्यात ऊस. पाटाकडंची जमीन मानसं बसवायला नसती."

"बरं मामा," रुपाली म्हणाली होती. तिचं 'बरं' मी नंतर पुष्कळ ऐकलं. त्याचा अर्थ मान्य आहे असा नसतो. त्याचा अर्थ, ऐकलं, आता माझं चालू द्या.

तिच्या मनात डेक होता. जमिनीपासून वीतभर उंच, दगडी खांबांवर टेकलेला, लाकडी फळ्यांचा. माती खाली फुगायची तेवढी फुगू दे, वर माणसं कोरडी. प्रश्न एकच होता, उन्हापावसात उघड्यावर टिकणारं लाकूड कुठलं?

या प्रश्नावर गावात मत नसलेला माणूस सापडेना. वैजनाथ मिस्त्री म्हणाले, बाभूळ. नगरच्या वखारवाल्यानं सागवानाचा तुकडा तेल लावून, फडक्यात गुंडाळून, स्थळ दाखवावं तसा दाखवला. ज्ञानेश्वर म्हणाला, हल्ली प्लॅस्टिकचं लाकूड मिळतं, आमच्या साहेबांच्या बंगल्यात आहे. सासूबाई छबूबाईंनी दारातल्या कडुलिंबाची एक फांदी पुढं केली, कारण लिंब त्यांनी स्वतः लावला होता. प्रत्येकजण आपल्या लाकडाबद्दल पोटच्या पोरासारखं बोलत होता.

रुपालीनं सगळ्यांचे तुकडे घेतले. देवदारचा एक घेतला, आणि पडवीतला मी. माझा एक हातभर तुकडा कापायला वैजनाथ मिस्त्रींना दुपार गेली. त्यांच्या करवतीचे दात बघून मला वाळवीची आठवण आली.

"आता हे सगळे एकाच जागी ठेवायचे," रुपाली म्हणाली.

"कुटं?" कानिफनाथांनी विचारलं.

"गोठ्याच्या मोरीत."

"आगं, तितं लोखंडी खिळा टिकत न्हाई."

"म्हणून तर, मामा."

तर मंडळी, माझी परीक्षा गोठ्याच्या मोरीत झाली. शेण, गोमूत्र, धुण्याचं पाणी, वरून पावसाच्या धारा, दुपारी ऊन, खाली वाळवीचं वारूळ आणि उभ्याउभ्या आमच्यावर सगळं काही सोडणारी म्हैस. पेरणीला सुरुवात झाली तेव्हा आम्हाला ठेवलं, दसऱ्याला काढायचं ठरलं. रोज सकाळी छबूबाई झाडलोट करताना वाकून लिंबाची विचारपूस करायच्या. देवदार तर पोळ्याच्या आधीच म्हणाला, मी निघतो. एका रात्रीत गेला, उरला फक्त खिळा. लिंबाला वाळवी लागली, पण बिचारा कडू तोंड करून शेवटपर्यंत लढला. प्लॅस्टिकला काहीच झालं नाही, मात्र म्हशीनं त्यावर पाय ठेवला आणि ती अशी घसरली, की पुढं महिनाभर त्या बाजूला उभी राहिना. शिवाय दुपारी त्यावर पापड भाजता आला असता.

दसऱ्याला सगळ्यांना बादलीनं धुऊन ओट्यावर मांडलं. वैजनाथ मिस्त्री हत्यारांची पूजा आटोपून, कपाळाला कुंकू लावून निकाल बघायला आले. सागवानाचा तुकडा हातात घेतला, तर एका बाजूला शाबूत आणि दुसरीकडे चाळण. सालीकडचं पांढरं लाकूड वाळवीनं खाल्लं होतं आणि आतला तांबूस गाभा सोडला होता. रुपाली बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

"म्हणजे सागवान चांगलं, पण सगळं सागवान चांगलं नाही," ती म्हणाली. "गाभ्याचंच पाहिजे."

बाभळीला वाळवीनं हात लावला नव्हता, पण ती पिळलेल्या धोतरासारखी वाकडी झाली होती. "चाकाला चालंल, बसायला न्हाई," वैजनाथ मिस्त्रींनी स्वतःच कबूल केलं. आणि मी? अंगावर केसाएवढ्या दोन-चार भेगा, बाकी ताठ. मला धुतल्यावर मूळचा लालसर रंग असा वर आला, की छबूबाई म्हणाल्या, "ह्यो तर न्हाऊनमाखून आल्यावानी दिसतोय."

कानिफनाथांचं समाधान होईना. त्यांनी मला उचललं आणि, बघू किती पाणी पितो, म्हणत विहिरीत टाकलं. मी दगडासारखा तळाला गेलो. ते वाट बघत राहिले. मी वर आलो नाही. तो तुकडा अजून तिथंच आहे, आणि विहिरीचं पाणी किती उरलंय याची बातमी मला सगळ्यांच्या आधी लागते ती त्याच्यामुळेच.

मग ज्ञानेश्वरनं नागापूरच्या कारखान्यांमागून माझी भावंडं शोधली. कुणी क्रेनखाली होतं, कुणी गेटावर वॉचमनचं बाकडं झालं होतं. वखारीत आमच्या फळ्या पाडल्या. आरा इतका तापला की वखारवाल्यानं त्यावर चहा ठेवला, अशी माझी आठवण आहे. रुपाली प्रत्येक फळी हातात घेऊन निवडायची. कडेला पांढरं दिसलं की बाजूला, आरपार चीर की बाजूला, मोठी गाठ की बाजूला. आपल्याच भावाला नापास होताना बघणं सोपं नसतं. पण नवीन झाड तोडावं लागलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे. आम्ही सगळे भंगारातून आलेले.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. मातीशी आमचा संबंध येऊ नये म्हणून खाली घडीव दगड. आधी ड्रिलनं भोकं, मग स्टीलचे स्क्रू, कारण आमच्यात सरळ स्क्रू पिळला तर त्याची मान मोडते. सगळं छान चाललं होतं आणि मग फटीवरून वाजलं.

रुपाली म्हणाली, दोन फळ्यांत थोडी फट पाहिजे, लाकूड ओलं झालं की फुगतं. कानिफनाथ तिथंच उभे होते.

"फट कशापायी? ह्यावर मानसं दानं खानार. दाना फटीतनं खाली गेला म्हंजी?"

"एखादा गेला तर गेला, मामा."

"एखादा?" त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "माज्या बापाच्या खळ्याला सुई जाईल यवढी चीर नव्हती. मळनी झाली की खळ्याच्या कडंला बसून एकेक दाना येचायचा आमचा बाप. आन तू म्हनतीस, गेला तर गेला."

त्यांच्या दृष्टीनं हा डेक नव्हताच, ते खळं होतं. जिथं धान्य येतं ती जागा खळं, आणि खळ्याला चीर म्हणजे घराला नामुष्की. वैजनाथ मिस्त्रींनाही फट ठेवणं म्हणजे कच्चं काम वाटे. त्यांनी मान डोलावली आणि फळ्या अशा ठोकून बसवल्या, की आम्हा भावंडांना एकमेकांची हाडं टोचायला लागली. जिथं केसभर चीर राहिली तिथं कानिफनाथांनी लाकडाचा भुसा आणि डिंक भरला. आणि तेवढ्यावर थांबतील तर ते कानिफनाथ कसले. खळं सारवलेलं पाहिजे. छबूबाईंनी शेणाचा काला केला आणि मलेशियाच्या जंगलातल्या, समुद्र ओलांडलेल्या, आऱ्याला घाम फोडणाऱ्या मला या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवलं. वर रांगोळीही काढली. मला गुदगुल्या झाल्या आणि थोडं रडूही आलं. एवढ्या मायेनं मला आजवर कुणी चोपडलं नव्हतं.

रुपाली म्हणाली, "बरं मामा."

आणि फोन वाजला. विजयाबाईंचा. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की आता तिथं लाकडी डेक झालाय. "बघते येऊन," त्या म्हणाल्या. "रविवारी. मंडळी असतीलच. या वेळी बूट घालून येणार आहे मी." त्यांचे यजमान शामकांत मागून म्हणाले, "आणि दोरखंड घे, कुणी रुतलं तर."

त्या आठवड्यात अवकाळी आला. गुरुवारी सुरू झाला तो शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. सारवणाचं शेण भिजलं, सांध्यांत गेलं आणि तिथं ओल धरून बसलं. पाण्याला खाली जायला वाट नाही. मला तहान नव्हती, पण पाजलं तर किती नाही म्हणणार? मी प्यालो. भावंडं प्याली. आणि आम्ही फुगलो. मंडळी, तो क्षण तुम्ही बघायला हवा होता. मी डावीकडच्याला ढकललं, त्यानं पुढच्याला, कडेच्या फळ्या दगडांना टेकून अडल्या, आणि मग वर जाण्याशिवाय जागाच नव्हती. मधोमध सगळा डेक तव्यासारखा उचलला गेला. स्क्रू बंदुकीसारखे वाजत उडाले. एक तर थेट पैठणला गेला असावा, कारण अजून सापडला नाही. ताकद काय असते ते त्या दिवशी मलाही पहिल्यांदा कळलं, आणि खरं सांगतो, मजा आली. मग मी रुपालीचा चेहरा बघितला आणि मजा संपली.

शनिवारी सकाळी ती चिखलात उभी होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. कानिफनाथ काठी टेकत आले, माझ्या कुबडाकडे बघत उभे राहिले.

"ऊसच लावावा लागनार मग," ते म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

"उद्या माणसं यायचीत, मामा. ऊस परवा लावा." तिनं पदर खोचला. "वैजनाथकाका, सगळ्या फळ्या काढा."

"सगळ्या?"

"सगळ्या. एकही फळी मोडलेली नाही, बघा ना. नुसती जागा मागतायत ती. देऊ या."

"फट म्हनशील तर दाना..." कानिफनाथ सुरू झाले.

"खाली पडेल. पडू दे. खाली काय सिमेंट आहे का, मामा? तुमचीच माती आहे. तुमच्या रानातला दाणा तुमच्याच रानात पडला, तर गेला कुठं?"

छबूबाई ओल्या शेणाचे पापुद्रे खरवडत होत्या. न बघताच म्हणाल्या, "पडला दाना तर पाखरं खातील. त्येंचा बी वाटा असतोय, का त्यो सासऱ्यानं दुसऱ्या कुनाला लिवून दिलाय?"

कानिफनाथ पाठ फिरवून घरात गेले. मला वाटलं, रुसले. रुपालीलाही तसंच वाटलं असावं, कारण स्क्रू काढताना तिचा हात जरा वेळ थांबला. नवरा सुट्टीसाठी आला होता, तो, वैजनाथ मिस्त्री आणि ती, तिघं मिळून आम्हाला मोकळं करू लागले. एकेक स्क्रू निघाला की आम्ही सुटकेचा असा आवाज करायचो, की म्हैस पुन्हा दाव्याला ओढ घ्यायची.

कानिफनाथ परत आले तेव्हा सदऱ्याचा खिसा फुगलेला होता. ते गुडघ्यावर बसले. पहिल्या दोन फळ्या शेजारी ठेवल्या होत्या. त्यांनी खिशातून ज्वारीचा एक टपोरा दाणा काढला आणि दोघींच्या मधे धरला. दाणा अडकला.

"सरकव," ते मिस्त्रींना म्हणाले. फळी सरकली. दाणा अलगद खाली गेला.

"यवढी. ह्याच्यावर न्हाई आन ह्याच्या आत न्हाई. दाना गेला की पानी बी जाईल."

मग काय सांगू. दिवसभर तो म्हातारा माझ्या अंगावरून गुडघ्यांवर सरकत होता. प्रत्येक सांध्याला या टोकाला दाणा, मधे दाणा, त्या टोकाला दाणा. मधेच मन भरलं नाही तर अजून एक. मिस्त्री वैतागले. "नाथा, खिळा घालून माप घेऊ की."

"खिळा तुज्या कामाचा. खळ्याचं माप दान्यानं."

फटींमुळे डेक पसरला आणि शेवटच्या दोन फळ्यांना जागा उरली नाही. त्यांचं कडेला बाकडं झालं. तुमच्यातले ते काका टेकलेत ना, तेच.

रविवारी सकाळी पुन्हा एक सर येऊन गेली. सगळं रान काळ्या लोण्यासारखं झालेलं. विजयाबाई खरोखर गुडघ्यापर्यंतचे बूट घालून उतरल्या. मागं त्यांची मंडळी, शामकांतराव आणि त्यांच्या हातात, देवाशपथ, दोरखंड. रुपालीनं वाटेवर उसाची पाचट टाकली होती. तिच्यावरून चालत सगळे माझ्यापर्यंत आले. कानिफनाथ काठी आडवी धरून उभे.

"बाई, पायतान खाली."

"आजोबा, मागच्या वेळी चप्पल खालीच राहिली होती माझी."

"ती तुमी ठिवली नव्हती, रानानं ठिवून घेतली. आता तुमी ठिवा."

बाईंनी बूट काढले आणि भीत भीत एक पाय माझ्यावर ठेवला. मी सगळा जोर लावून स्थिर राहिलो. त्यांनी दुसरा पाय ठेवला. मग टाचेनं ठोकून बघितलं, जशा वर्गात छडीनं टेबल ठोकत असतील तशा. छबूबाईंनी त्यांच्या देखत बादलीभर पाणी माझ्यावर ओतलं. पाणी फटींतून खाली गेलं आणि पदरानं टिपावं तितक्यात मी कोरडा. बाईंनी मांडी घातली.

"कुठलं हो लाकूड हे?" शामकांतरावांनी विचारलं.

मी कान टवकारले. कानिफनाथ खाकरले. "लंकेच्या पलीकडलं हाय. जहाज बुडत हुतं, तर लोकांनी ह्येला तळाशी टाकलं आन ह्येच्यावर उभं राहून वाचले. माज्या कुऱ्हाडीचा पार चमचा झाला ह्येच्यापायी."

मंडळी, मी इतकी वर्षं गोष्टी सांगतोय. त्या दिवशी गुरू भेटला.

हुरडा आला. चोळताना, फुंकताना, हसताना दाणे सांडत होते आणि फटींतून खाली जात होते. प्रत्येक वेळी कानिफनाथांचा हात पुढं व्हायचा आणि माघारी यायचा. आगटीवरच्या चिमण्या माझ्या पोटाखाली शिरल्या आणि दुपारपर्यंत बाहेर आल्या नाहीत. निघताना विजयाबाईंनी रुपालीचा हात धरला. "पुढचा रविवार माझ्या बहिणीच्या मंडळाला दे. आणि मी मागं लिहिलेलं आहे ना, ते काढून टाकते."

"राहू द्या," रुपाली म्हणाली. "हुरडा अमृत एवढं ठेवा. दलदल काढा."

त्यानंतर फोन वाजत राहिले. पण कानिफनाथ ऊस लावणार नाही असं काही म्हणाले नव्हते, आणि रुपालीनं विचारलंही नव्हतं. मग एका सकाळी छबूबाई माझ्यावर पाणी मारायला आल्या आणि तिथंच ओरडल्या, "आवं, हिकडं या."

सगळे आले. माझ्या फटींतून हिरवे पोपटी कोंब वर आले होते. एखाददुसरा नाही. प्रत्येक सांध्यात, या टोकाला, मधे आणि त्या टोकाला. पाभरीनं पेरल्यासारखी सरळ ओळ.

"हुरड्याचं दानं उगवलं," ज्ञानेश्वर म्हणाला.

"फिटर हायेस, फिटरच ऱ्हा," आई म्हणाली. "भाजल्यालं उगवतंय का कधी?"

रुपाली खाली बसली, एका कोंबाला बोट लावलं आणि हळूच सासऱ्यांकडे बघितलं. "मामा, ही तर तुम्ही पेरलीय."

"म्या न्हाई पेरली," कानिफनाथ म्हणाले. "म्या माप घेतलं." ते बियाणाच्या मडक्यातले दाणे होते, आणि त्यांतला एकही त्यांनी परत वेचला नव्हता. सगळ्यांत जास्त नवल त्यांनाच वाटत होतं. ते काठी टेकून माझ्या कडेकडेनं एक पूर्ण फेरी मारून आले, ओळी बघितल्या, एका ठिकाणी दाणा चुकल्याबद्दल पुटपुटले, आणि रुपालीजवळ येऊन थांबले.

"आता हितं ऊस लावता यायचा न्हाई," ते म्हणाले.

"का, मामा?"

"का म्हंजी? पेरा झालेल्या रानात ऊस लावत्यात का कुटं?"

"बरं मामा," रुपाली म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मात्र खरोखरच बरं असा होता. मी इतक्या जवळून ऐकलंय.

तर असा मी. करडा झालोय, पण ठणठणीत आहे. मला तेल लावलं नाहीत तरी चालेल, सारवू मात्र नका. अंगणात बसायला लाकूड घ्यायचं असेल तर आधी भंगारात शोधा, गाभा बघा आणि शंका आली तर गोठ्याच्या मोरीत ठेवा, ती मोरी खोटं बोलत नाही. कुऱ्हाडीची खाच बघायची असेल तर डावीकडून दुसरी फळी. आणि आता ते आजोबा खिसा चाचपत इकडे येताहेत, तेव्हा जरा पाय सरकवून घ्या. यंदाही त्यांना माप घ्यायचं आहे.